कोवर्किंगची जागा घेताना: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कोवर्किंगच्या, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सामायिक कार्यालयाच्या, जागेत महिन्याच्या बोलीवर खुर्ची मिळते, तेव्हा त्या खुर्चीखालच्या जागेचे पाच, दहा किंवा पंधरा वर्षांचे भाडे भरण्याची हमी दुसऱ्या कुणीतरी दिलेली असते. ही हमी कुणी दिली आहे आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर तो काय करील, यावर या व्यवसायाचे आजवरचे चढउतार ठरत आले आहेत आणि पुढचेही ठरणार आहेत. नवख्या माणसाचे लक्ष मात्र साहजिकच भिंतींच्या रंगाकडे, कुंड्यांकडे आणि कॉफीच्या यंत्राकडे जाते. एकट्याने काम करणारे व्यावसायिक, आठ-दहा जणांच्या चमूसाठी जागा शोधणारे प्रमुख आणि कंपनीने अचानक हाती अशा जागेचा पास ठेवलेले कर्मचारी अशा तिघांनाही उपयोगी पडावे, या बेताने पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी

तयार, सजवलेले कार्यालय थोड्या मुदतीसाठी देण्याचा व्यवसाय कोवर्किंगपेक्षा जुना आहे. मार्क डिक्सन यांनी १९८९ मध्ये ब्रुसेल्समध्ये सुरू केलेली रीजस ही त्यातली ठळक कंपनी. आज आपण ज्याला कोवर्किंग म्हणतो, त्याची सुरुवात सामान्यतः २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या संगणक अभियंत्याने केली असे मानले जाते. त्याने एका संस्थेची जागा आठवड्यातून दोन दिवस, महिना ३०० डॉलर देऊन घेतली, टेबले मांडली, आणि पहिला महिना तिकडे कुणी फिरकलेही नाही. स्वतंत्र कामातील मोकळीक आणि नोकरीतील सोबत या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाव्यात एवढाच त्याचा हेतू होता. २०१० मध्ये न्यू यॉर्कमध्ये सुरू झालेल्या वीवर्कने याच कल्पनेला प्रचंड भांडवलाची जोड दिली.

या कंपनीचे पुढे काय झाले, हे नवख्याने नीट समजून घेण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरण्यासाठी वीवर्कने जी कागदपत्रे दाखल केली, त्यांनुसार येत्या वर्षांत द्यावयाच्या भाड्याची तिची बांधिलकी सुमारे ४७ अब्ज डॉलर होती, तर सदस्यांकडून करारानुसार निश्चित येणे असलेली रक्कम सुमारे ४ अब्ज डॉलर. भाडे वर्षानुवर्षांसाठी बांधलेले आणि उत्पन्न मात्र थोड्या महिन्यांच्या बोलीवर, अशी ही रचना होती. ती भागविक्री मागे घ्यावी लागली. कंपनी २०२१ मध्ये वेगळ्या मार्गाने बाजारात आली खरी, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, आणि भाड्याचा बोजा बराच उतरवून ती २०२४ मध्ये त्यातून बाहेर पडली. यात नवे काही नव्हते. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यानंतर २००३ मध्ये रीजसच्या अमेरिकी व्यवसायावर याच कारणाने हीच वेळ आली होती. दोन्ही वेळा लोकांना लवचीक जागा नकोशी झाली म्हणून व्यवसाय बुडाला, असे नव्हे. मागणी घटल्यावर उत्पन्न काही महिन्यांत आटले आणि भाडे मात्र जिथल्या तिथे राहिले.

म्हणूनच आता चालक, म्हणजे अशा जागा चालवणाऱ्या कंपन्या, दीर्घ भाडेकरारांऐवजी इमारतीच्या मालकाशी व्यवस्थापन करार करण्याकडे वळल्या आहेत. हॉटेल व्यवसायात ही पद्धत फार पूर्वीपासून आहे: इमारत मालकाची, नाव व कारभार चालकाचा, आणि उत्पन्न दोघांत विभागलेले. रीजसची पालक कंपनी आयडब्ल्यूजी आपली वाढ प्रामुख्याने अशाच करारांतून करते आहे. इंडस्ट्रियस ही याच पद्धतीवर भर देणारी कंपनी २०२५ च्या आरंभी सीबीआरई या जागतिक स्थावर मालमत्ता सेवा कंपनीने पूर्णपणे आपल्याकडे घेण्याचे जाहीर केले. बदलाची दिशा यावरून दिसते. रिकाम्या खुर्चीची जोखीम हळूहळू चालकाकडून इमारतीच्या मालकाकडे सरकते आहे, आणि माझ्या मते सदस्याच्या दृष्टीने ही गोष्ट एकंदरीत चांगली आहे.

पायरी १: जागा शोधण्याआधी आपला आठवडा कागदावर मांडा

एका सर्वसाधारण आठवड्यातील कामे चार रकान्यांत लिहावीत: एकाग्रतेने एकट्याने करायची कामे, फोन व व्हिडिओ कॉल, समोरासमोर बसून करायची कामे आणि ग्राहकांच्या भेटी. प्रत्येक रकान्यासमोर साधारण किती तास लागतात ते मांडावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते केल्याशिवाय जागा पाहायला गेले की जागाच आपल्याला आपल्या गरजा सांगू लागते.

दिवसाचे पाच तास कॉलवर जाणाऱ्या माणसाला सुंदर खुल्या दालनातील टेबलाचा काही उपयोग नाही. त्याला बंद खोली हवी किंवा मुबलक फोन बूथ, म्हणजे कॉलसाठीच्या एकट्यापुरत्या बंद खोल्या. उलट, ज्याचे काम लेखनाचे, हिशेबाचे किंवा आरेखनाचे आहे, त्याला शेजारी बोलणारे लोक हाच सर्वांत मोठा त्रास असतो. कार्यालयातील गोंगाटात यंत्रांच्या एकसुरी आवाजापेक्षा कानावर पडणारे आणि समजणारे बोलणे कामात अधिक व्यत्यय आणते, कारण मन नकळत त्याचा अर्थ लावत बसते.

चमूसाठी जागा घेणाऱ्यांनी आणखी एक आकडा काढावा. समजा, चमूत २० जण आहेत आणि प्रत्येकाने आठवड्यातून तीन दिवस यायचे आहे. सरासरीने पाहिले तर रोज १२ जागा पुरतात. पण लोक सरासरीप्रमाणे येत नाहीत. सोमवार आणि शुक्रवार घरी काढून मंगळवार ते गुरुवार सगळे हजर, हे चित्र जगभर दिसते. तेव्हा १२ जागा घेतल्या तर तीन दिवस आठ जण उभे राहतील आणि २० घेतल्या तर दोन दिवस दालन ओस पडेल. यावर उपाय दोनच: दिवस वाटून घेणे, किंवा १२ कायमच्या जागा घेऊन उरलेल्यांसाठी लागेल तेव्हा एका दिवसाचे डे पास घेण्याची सोय करारातच करून ठेवणे. दुसरा उपाय महाग वाटला तरी पुष्कळदा तोच टिकतो, कारण दिवस वाटून दिले की ज्यांनी एकत्र बसायला हवे तेच लोक वेगवेगळ्या दिवशी येऊ लागतात.

पायरी २: सदस्यत्वाचा प्रकार निवडा

प्रकार मोजकेच आहेत. डे पास म्हणजे एका दिवसापुरता प्रवेश. हॉट डेस्क म्हणजे महिनाभर येण्याची मुभा, पण ठरलेली जागा नाही. डेडिकेटेड डेस्कमध्ये टेबल तुमचेच असते आणि त्यावरचा मॉनिटर रात्री तिथेच ठेवता येतो. केबिन म्हणजे दार बंद होणारी खोली. आभासी कार्यालयात केवळ पत्ता आणि टपाल स्वीकारण्याची सोय मिळते. याशिवाय मोठ्या चमूसाठी चालक एखादा आख्खा मजला तयार करून सांभाळतो, पण तो मार्ग नवख्याने पहिल्याच वेळी धरू नये.

नवख्यासाठी क्रम असा असावा: आधी काही डे पास, मग एक महिन्याचे हॉट डेस्क, आणि गरज पटली तरच केबिन. विक्री प्रतिनिधी हा क्रम उलट मांडतील. केबिनवर आज किती सवलत आहे येथून बोलणे सुरू होईल, आणि ती सवलत बहुधा बारा महिन्यांच्या बोलीला बांधलेली असेल.

पायरी ३: खर्च दिवसांत मोजा

मासिक शुल्काची रक्कम डे पासच्या रकमेने भागावी. उत्तर १० आले, तर महिन्यातून दहापेक्षा अधिक दिवस येणार असाल तरच मासिक सदस्यत्व परवडते. आठवड्यातून दोनदा येणाऱ्याचे महिन्याला सरासरी ८.७ दिवस होतात. त्यातून सुट्ट्या, आजारपण आणि प्रवास वजा केले की हा आकडा आणखी खाली येतो. उत्साहाच्या भरात 'आता रोजच येणार' असे ठरवून मासिक सदस्यत्व घेणाऱ्यांवर चालकांचा बराचसा नफा उभा असतो. व्यायामशाळांचे गणितही हेच.

या भागाकारात दिसत नाहीत असे खर्च पुष्कळ असतात. मीटिंग रूमचे तास किती मिळतात आणि ते संपल्यावर तासाचा दर काय, छपाईची पाने किती, पाहुण्याचे शुल्क आहे का, वाहन लावण्याची सोय धरलेली आहे का, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी वातानुकूलन चालू ठेवण्याचे वेगळे पैसे लागतात का, कर धरून रक्कम सांगितली आहे की कराविना, हे सारे लेखी विचारावे. यातला मीटिंग रूमचा खर्च सर्वांत फसवा असतो. पहिल्या पायरीतील कागदावर ग्राहकांच्या भेटींचे जे तास लिहिले आहेत, ते घेऊनच हा दर तपासावा.

पायरी ४: जागा कामाच्या वेळी आणि काम घेऊन पाहा

दाखवण्याची फेरी बहुतेकदा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा ठेवली जाते आणि त्या वेळी प्रत्येक जागा शांत असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत जाण्याचा आग्रह धरावा. शक्य असल्यास त्या दिवसाचा पास घेऊन खरोखरचे काम घेऊनच बसावे.

फोन बूथ सर्वांत आधी पाहावा, कारण एवढ्याशा जागेत अख्ख्या कार्यालयाची पारख होते. आत शिरून दार लावावे आणि दहा मिनिटे बसावे. पंखा चालू झाला का, हवा कोंदट होते का, लॅपटॉप ठेवण्याची फळी कोपराच्या उंचीला आहे का की मान वाकवावी लागते, आत चार्जर लावायला सॉकेट आहे का, तोंडावर उजेड पडतो की डोक्यामागून येतो, हे एकेक पाहावे. मग सोबतच्या माणसाला बाहेर उभे करून नेहमीच्या आवाजात बोलावे. बाहेर शब्द ओळखू येत असतील, तर तो बूथ पगार, औषधोपचार किंवा दाव्यांविषयीच्या बोलण्यासाठी निरुपयोगी आहे. शेवटी बूथ किती आणि सदस्य किती, हे प्रमाण विचारावे; आणि उत्तरापेक्षा दुपारी बारा वाजता बाहेर किती जण ताटकळत आहेत यावर अधिक विश्वास ठेवावा.

खुर्चीची उंची, पाठ आणि हात यांची कळ फिरवून पाहावी. ज्या खुर्चीत फोटो छान येतात पण पाठ टेकत नाही, ती खुर्ची चार तासांनंतर कळते, म्हणून फेरीत दोन मिनिटे टेकून निर्णय देऊ नये. टेबलावर सॉकेट आहे की जमिनीवर वाकावे लागते, हेही पाहावे. उजेडासाठी कार्यालयीन लिखाण-वाचनाच्या कामाला ५०० लक्स हे युरोपीय मानकातील प्रमाण आहे, आणि मोबाइलवरील साध्या अ‍ॅपनेही त्याचा ढोबळ अंदाज येतो. हवेचे तसेच: बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक हजार भाग) बराच वर जात असेल, तर तिथे बाहेरची हवा पुरेशी येत नाही असे समजावे. खिशात मावणारे मापक असल्यास मीटिंग रूममधील बैठकीच्या शेवटी ते पाहावे. दुपारची जी पेंग आपण जेवणाच्या माथी मारतो, तिचा उगम कधीकधी या खोलीत सापडतो.

स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि डबा खाण्याची जागा दाखवण्याच्या फेरीतून हमखास गळते. स्वतःहून जाऊन पाहावी. चाकाची खुर्ची वापरणारा माणूस मुख्य दारापासून मीटिंग रूमपर्यंत कुणाच्या मदतीशिवाय पोहोचू शकेल का, हे आज आपल्याला गरज नसली तरी तपासावे, कारण उद्या येणारा ग्राहक किंवा सहकारी कोण असेल हे आपल्या हातात नसते.

पायरी ५: इंटरनेट आणि गोपनीयता

वेग मोजताना डाउनलोडचा मोठा आकडा पाहून समाधान मानू नये. समूह व्हिडिओ कॉलसाठी चांगल्या प्रतीच्या चित्राला प्रत्येकामागे साधारण ३ ते ४ एमबीपीएस एवढा अपलोड वेग पुरतो. अडचण वेगाची कमी आणि सातत्याची अधिक असते. म्हणून गर्दीच्या वेळी, ज्या टेबलावर बसणार त्याच टेबलावरून, तीन-चारदा चाचणी करावी. दुसऱ्या सेवादात्याची जोडणी राखीव आहे का आणि वीज गेल्यावर राउटर चालू राहतो का, हे दोन प्रश्न विचारले की चालकाची तयारी लगेच कळते.

भिंतीवर चिकटवलेला एकच पासवर्ड सगळे सदस्य, पाहुणे आणि मागच्या वर्षी सोडून गेलेले लोक वापरत असतील, तर त्या जाळ्यावर संवेदनशील काम करू नये. प्रत्येक सदस्याला वेगळे लॉगिन आणि प्रत्येक केबिनला वेगळे विलग जाळे देणारी जागा पसंत करावी. तरीही व्हीपीएन (इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करून पाठवणारी सोय), पडद्यावरचे गोपनीयता आवरण आणि जागेवरून उठताना पडदा बंद करण्याची सवय या गोष्टी स्वतःच सांभाळायच्या असतात. पेशंटची माहिती, कायदेशीर कागदपत्रे किंवा ग्राहकांचे आर्थिक तपशील हाताळणाऱ्यांनी आपल्या व्यवसायाचे नियम सामायिक जागेत काम करण्यास परवानगी देतात का, हे आधी पाहावे आणि मगच जागा शोधावी.

पायरी ६: करार वाचा, विशेषतः कंटाळवाणा भाग

कोवर्किंगचा करार बहुधा भाडेकरार नसतो. तो जागा वापरण्याचा परवाना असतो. भाडेकरूला कायद्याने मिळणारी संरक्षणे अशा परवानाधारकाला बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. लवचीकता दोन्ही बाजूंना असते: तुम्ही जसे महिन्याच्या नोटिशीवर जाऊ शकता, तसेच ते तुम्हाला जायला सांगू शकतात. दोघांच्या नोटिशीची मुदत सारखी आहे का, हे म्हणून पहिल्यांदा पाहावे.

दुसरे कलम आपोआप नूतनीकरणाचे. बारा महिन्यांचा करार संपण्याच्या तीन महिने आधी लेखी कळवले नाही, तर तो आणखी तेवढ्याच मुदतीसाठी वाढेल, अशी वाक्ये सर्रास असतात. ही तारीख सही करतानाच दिनदर्शिकेत घालावी, आणि ती करार संपण्याची नव्हे तर कळवण्याची असावी.

तिसरे कलम जागा बदलण्याचे. चालक तुम्हाला त्याच इमारतीतील दुसऱ्या, 'समतुल्य' खोलीत हलवू शकेल, असे त्यात लिहिलेले असते. वाचताना ते जाचक वाटते, पण त्यामागे हिशेबाचा एक पदर आहे. आयएफआरएस १६ हे लेखामानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झाल्यावर कंपन्यांना बहुतेक भाडेकरार ताळेबंदात दायित्व म्हणून दाखवावे लागतात; बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या करारांना सूट घेता येते, आणि पुरवठादाराला जागा बदलून देण्याचा खरा, उपयोगात आणता येण्याजोगा हक्क असेल तर तो व्यवहार या मानकानुसार भाडेकरार ठरत नाही. त्यामुळे मोठ्या ग्राहकांना हे कलम कधीकधी हवेसेच असते. छोट्या सदस्याने एवढेच मागावे की 'समतुल्य' म्हणजे किती क्षेत्रफळ, खिडकी आहे की नाही आणि किती दिवसांची पूर्वसूचना, हे लिहून मिळावे. लेखापालाला एकदा विचारून घेणे शहाणपणाचे.

उरलेली कलमे भराभर: वार्षिक वाढ किती टक्के, अनामत रक्कम किती दिवसांत परत, तिच्यातून 'पुनर्सजावट' म्हणून काय कापले जाईल, चोरीची जबाबदारी कुणाची, तुमच्या सामानाचा विमा कुणी उतरवायचा, आणि हा पत्ता कंपनीच्या नोंदणीसाठी वापरता येईल का. या शेवटच्या प्रश्नाचे तोंडी उत्तर मुळीच धरू नये, कारण नोंदणी कार्यालयाला जे कागद लागतात ते विक्री प्रतिनिधीला माहीत असतीलच असे नाही.

पायरी ७: चालकाची प्रकृती पाहा

सदस्याला चालकाचे ताळेबंद वाचायला मिळतीलच असे नाही, पण काही गोष्टी विचारता येतात. जागा भाड्याने घेतली आहे, मालकाशी व्यवस्थापन करार आहे, की मालक स्वतःच चालवतो? भाड्याने असेल तर मूळ करार कोणत्या वर्षी संपतो? तुमच्या कराराची मुदत त्या वर्षाच्या पुढे जाता कामा नये. चालक दिवाळखोरीत गेला, तर अनामत ठेवणारा सदस्य सामान्यतः विनातारण धनको असतो, म्हणजे बँका आणि तारण असलेले इतर लोक घेऊन झाल्यावर उरलेच तर त्याला मिळायचे. म्हणून कमी अनामत आणि महिन्याला भरणा हीच छोट्या सदस्याची खरी सुरक्षा. वर्षभराचे पैसे आगाऊ भरल्यास मिळणारी घसघशीत सवलत पाहिली की आधी ही रांग आठवावी.

मालक स्वतः किंवा व्यवस्थापन कराराने चालवत असेल, तर चालक बदलला तरी जागा चालू राहण्याची शक्यता अधिक असते. तीही लेखी असेल तर उत्तम.

पायरी ८: पहिला महिना

पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या टेबलांवर बसून पाहावे. प्रत्येक दालनात एखादा कोपरा असा असतो की जिथे ऊन येत नाही, यंत्र घुमत नाही आणि कुणी ये-जा करत नाही. जुने सदस्य तो कधीच सांगत नाहीत.

सामुदायिक कार्यक्रमांविषयी माझे मत जरा रूक्ष आहे. नव्या ओळखींसाठी संध्याकाळच्या मेळाव्यांपेक्षा स्वागतकक्षातील किंवा व्यवस्थापनातील एक जाणता माणूस जास्त उपयोगी पडतो. 'मला करसल्लागार हवा आहे' असे त्याला सांगितले आणि दुपारपर्यंत त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाची तरी गाठ घालून दिली, तर त्या जागेला समुदाय आहे असे खुशाल समजावे. असा माणूस दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर भिंतीवर 'समुदाय' कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेला असला तरी त्याचे पैसे देऊ नयेत.

महिनाअखेरीस पहिल्या पायरीतील कागद पुन्हा काढावा आणि प्रत्यक्ष किती दिवस आलो, कुठले काम इथे झाले आणि कुठले घरीच नेऊन संपवावे लागले, ते शेजारी लिहावे. निर्णय त्यावरून घ्यावा.

पुढच्या काही वर्षांसाठी काय मोकळे ठेवावे

मिश्र पद्धतीचे, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून करायचे काम आता तात्पुरते राहिलेले नाही. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला आणि २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळालेल्या गटात नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले, आणि कामगिरीच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत फरक आढळला नाही. कंपन्यांना यात बचत दिसते, आणि कर्मचाऱ्यांना उरलेल्या दिवसांसाठी घराजवळची जागा हवीशी वाटते. त्यामुळे लवचीक जागा शहराच्या मध्यभागातून निवासी भागांकडे आणि उपनगरांकडे पसरत जातील, आणि एकाच पासवर अनेक केंद्रांत प्रवेश देणारी सदस्यत्वे वाढतील, असा माझा अंदाज आहे. असा पास घेताना यादीतील केंद्रांची संख्या पाहू नये. आपण खरोखर जाऊ शकतो अशी केंद्रे किती आणि ऐन मंगळवारी तिथे आरक्षण मिळते का, एवढेच पाहावे.

दुसरा बदल मोजमापाचा आहे. टेबलाखालचे संवेदक, दारावरचे कार्ड आणि आरक्षणाचे अ‍ॅप यांतून कोण कधी कुठे बसते याची नोंद होत राहते. चालकाला त्यावरून वीज वाचवता येते आणि दर गर्दीप्रमाणे बदलता येतात, म्हणजे मंगळवारची खुर्ची शुक्रवारच्या खुर्चीपेक्षा महाग होणे हे विमान तिकिटांइतकेच सवयीचे होईल. ही माहिती तुम्ही नोकरी करता त्या कंपनीला दिली जाते का, किती काळ ठेवली जाते आणि व्यक्तीनिशी ठेवली जाते की केवळ एकूण संख्येने, हे विचारण्याचा हक्क पासधारक कर्मचाऱ्याने बजावावा. बहुतेक जण विचारत नाहीत, म्हणून चालकही सांगत नाहीत.

तिसरे, सर्वांसाठी एकसारखे दालन हा नमुना मागे पडेल. ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, छोट्या प्रयोगशाळा, सामायिक स्वयंपाकघरे किंवा पाळणाघर जोडलेली कार्यालये यांत सदस्य टिकून राहतो, कारण तिथले साहित्य त्याला घरी परवडत नाही. लॅपटॉप आणि खुर्ची मात्र घरीही असते. तुमच्या व्यवसायाला असे काही खास साहित्य लागत असेल, तर सर्वसाधारण जागेशी लांब करार करण्याआधी वर्षभर थांबलेले बरे.

शेवटची पायरी: नीट बाहेर पडणे

जागा सोडायची ठरली की नोटीस करारात सांगितलेल्याच मार्गाने द्यावी. व्यवस्थापकाला चहा पिताना सांगितलेले धरले जात नाही. पोच लेखी घ्यावी. केबिन घेतली त्या दिवशी भिंती, जमीन आणि फर्निचर यांचे तारखेसह फोटो काढून ठेवले असतील, तर अनामतीतून कापाकापीचा विषय बहुधा निघतच नाही. शेवटच्या आठवड्यात बँक, कर विभाग, ग्राहक आणि संकेतस्थळ यांवरील पत्ता बदलावा आणि टपाल किती दिवस पुढे पाठवले जाईल ते ठरवून घ्यावे. प्रवेशाची कार्डे मोजून परत करून पावती घ्यावी. प्रिंटरच्या स्मृतीत आणि मीटिंग रूममधील पडद्यावर आपल्या खात्याचे लॉगिन राहिलेले नाही ना, हे स्वतः जाऊन पाहावे, आणि आपोआप पैसे वळते करण्याची बँकेतील सूचना अंतिम बिल तपासल्यानंतर त्याच दिवशी रद्द करावी.